नाणी अनेक, वही एक
(मस्कतच्या बाजारातील परक्या चलनांची गोष्ट)



मस्कतमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येणारा एक शब्द म्हणजे ‘बैसा’. अरबी लिपीत ‘प’ हे अक्षर नाही. म्हणून आपला ‘पैसा’ समुद्र ओलांडून इथे आला आणि ‘बैसा’ झाला. तुमच्या आजोबांच्या लहानपणी चार पैशांचा एक आणा, सोळा आण्यांचा एक रुपया, म्हणजे चौसष्ट पैशांचा रुपया होता. इथेही रुपयाच्या हिशेबात चौसष्ट बैसेच धरले जात. आज आपण ज्या रियालात पगार घेतो, तो हजार बैशांचा रियाल 1970 सालचा आहे. ओमानच्या व्यापाराच्या वयापुढे ते मूलच म्हणायचे.

हा लेख जुन्या नाण्यांविषयी असला तरी तो लिहिण्याचे निमित्त अगदी आजचे आहे. आपल्यापैकी कितीतरी जण, विशेषतः दुसऱ्या पिढीतील मुले-मुली आणि घरून काम करणाऱ्या भगिनी, आता ऑनलाइन काहीतरी विकतात. कोणी फराळ आणि मसाले पाठवते, कोणी परदेशातील मुलांना मराठी किंवा तबला शिकवते, कोणी वेबसाइट बांधून देते. गिऱ्हाईक पुण्यात, दुबईत, लंडनमध्ये आणि न्यू जर्सीत. एकाच्या हातात रुपये, दुसऱ्याच्या दिरहम, तिसऱ्याच्या पौंड, चौथ्याच्या डॉलर. मग प्रश्न पडतो की पैसे कोणत्या चलनात घ्यायचे, कोणत्या दराने घ्यायचे, आणि दर मधेच हलला तर तोटा कोणी सोसायचा.

हे प्रश्न आपल्याला नवे वाटतात. मत्राच्या पेढीवर बसणाऱ्या माणसाला ते शतकानुशतके रोज पडत होते. त्याने त्यावर काढलेले उपाय आजही कामाचे आहेत, आणि काही वेळा त्याला बसलेले फटकेही लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

एक समुद्र, दोन किनारे

सुरुवात कोकणापासून करू. दाभोळ हे आदिलशाहीचे मोठे बंदर. त्या काळात तिथल्या बाजारात ‘लारी’ नावाचे चांदीचे नाणे चाले. नाणे म्हणजे गोल चकती, ही आपली समजूत. लारी मात्र चांदीच्या तारेची असे. साधारण पाच ग्रॅमची तार मधोमध दुमडायची, केसांच्या आकड्यासारखा आकार द्यायचा आणि त्यावर ठसा मारायचा. नाव पडले ते इराणच्या लार या गावावरून. आदिलशहांनीही आपल्या नावाच्या लाऱ्या पाडल्या. इराणचे आखात, होर्मुझ आणि कोकण या साऱ्या किनाऱ्यांवर हे नाणे ओळखीचे होते.

आखातातल्या बंदरात लारी घेतलेला व्यापारी ती कोकणात खर्च करू शकत होता. राज्य वेगळे, राजा वेगळा, ठसाही वेगळा, पण व्यवहार अडत नसे. कारण लोक ठशापेक्षा चांदीकडे पाहत. चांदी किती आणि ती किती शुद्ध, एवढे कळले की बाकीचा हिशेब तराजू करत असे.

पुढे मस्कत वाढले. पोर्तुगीजांना 1650 मध्ये इथून हुसकावल्यानंतर ओमानी जहाजे पूर्व आफ्रिकेपर्यंत आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोचू लागली. या वाढत्या व्यापाराचा हिशेब ठेवणारे बरेचसे लोक आपल्या उपखंडातले होते. आधी सिंधमधल्या थट्ट्याचे आणि नंतर कच्छमधल्या मांडवीचे भाटिया. कार्स्टन नीबूर हा युरोपीय प्रवासी 1765 मध्ये मस्कतला आला होता. इथे किमान बाराशे बनिया व्यापारी राहतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. आज ज्यांची नावे आपण दुकानांच्या पाट्यांवर वाचतो, त्यांपैकी खिमजी रामदास ही पेढी 1870 सालची. ही सारी मंडळी मुंबईशी बांधलेली होती. तांदूळ, कापड, मसाले तिकडून येत. खजूर, मोती, सुकी मासळी इकडून जात.

1780 सालची सम्राज्ञी

या बाजारात एक नाणे असे होते की ज्याच्या मालकिणीने ओमानचे नावही क्वचितच ऐकले असेल. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा 1780 मध्ये वारली. तिच्या नावाचा चांदीचा ‘थालर’ तिच्या मृत्यूनंतरही पाडला जात राहिला, आणि प्रत्येक नाण्यावर साल मात्र 1780 हेच. कारण सरळ होते. अरबस्तान, येमेन, इथिओपिया इथल्या लोकांना हेच नाणे ओळखीचे झाले होते. साल किंवा चेहरा बदललेले नाणे ते हातात घ्यायला तयार नव्हते.

थालरचे वजन 28 ग्रॅमपेक्षा किंचित जास्त आणि त्यात शुद्ध चांदी 23.39 ग्रॅम. बाईंच्या खांद्यावरच्या पदकातले मोती मोजून नाणे खरे की खोटे ते ठरवण्याची रीत होती. घासून मोती दिसेनासे झाले, तर नाणे नाकारले जाई. इथे त्याला ‘रियाल’ म्हणत. म्हणजे आजच्या चलनाच्या नावातला ‘रियाल’ आणि ‘बैसा’ हे दोन्ही शब्द बाहेरून आलेले आहेत.

मुंबईच्या टांकसाळीचाही या नाण्याशी थेट संबंध आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थालरची टंचाई झाली, कारण त्याचे ठसे 1935 पासून इटलीकडे गेले होते. तेव्हा ब्रिटिशांनी लंडनबरोबर मुंबईतही हे नाणे पाडून घेतले. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीचा चेहरा, 1780 हे साल, आणि नाणे फोर्टातल्या टांकसाळीचे!

ओमानमध्ये साधारण वाटणी अशी होती. किनाऱ्यावर, म्हणजे मस्कत-मत्रा भागात, मुंबईचा रुपया चाले. आत डोंगरापलीकडे, निझवाच्या बाजूला, थालर चाले. खजूर विकणारा शेतकरी थालर मागे आणि तांदूळ पाठवणारा मुंबईचा अडत्या रुपये मागे. या दोघांच्या मधे पेढीवाला बसलेला असे. सुटे देण्यासाठी तांब्याची नाणीही होती. सुलतान फैसल बिन तुर्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या नावाने पाव आण्याची तांब्याची नाणी काढली. मस्कतच्या सुलतानाचे नाणे आणि त्याची किंमत ‘आण्यात’, यावरून इथल्या बाजाराचा हिशेब कोणत्या भाषेत चाले ते कळते.

बट्टा, आणि आपली आडनावे

अनेक नाण्यांचा हा व्यवहार मराठी माणसाला अनोळखी नव्हता. पेशवाईत एकट्या महाराष्ट्रात अंकुशी, चांदवडी, हाली सिक्का, मल्हारशाही असे कितीतरी रुपये एकाच वेळी चालत. प्रत्येकाची चांदी थोडी वेगळी, झीज वेगळी, आणि म्हणून भावही वेगळा. एका गावचा रुपया दुसऱ्या गावी देताना जी रक्कम कापली जाई, तिला ‘बट्टा’ म्हणत. ‘नावाला बट्टा लागला’ असे आपण म्हणतो ते याच बाजारातून आले. ‘नाणे खणखणीत आहे’ हेही तिथलेच, कारण खरे नाणे दगडावर आपटले की त्याचा आवाज वेगळा येई.

ही पारख करणे हा एक पेशाच होता. सरकारी खजिन्यात भरणा होणारी नाणी तपासायचा तो पोतदार. नाण्यांचा व्यापार करायचा तो नाणावटी. मोड आणि अदलाबदल करायचा तो सराफ. खरेखोटे ओळखायचा तो पारखी. दुसऱ्या पिढीतील वाचकांनो, तुमच्या वर्गात किंवा मंडळात पोतदार, सराफ, पारखी अशा आडनावाचे कोणी असेल, तर त्यांच्या पूर्वजांचे काम हेच होते. आज जे काम बँकेचा संगणक सेकंदाच्या आत करतो, त्या कामावरून त्यांचे नाव पडले आहे.

कंपनी सरकारने 1835 मध्ये सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी बारापैकी अकरा भाग, म्हणजे 10.69 ग्रॅम. देशातल्या देशातला बट्टा त्यानंतर हळूहळू कमी झाला. समुद्रापलीकडच्या व्यवहारातला बट्टा राहिला.

हुंडी: जुन्या काळचे पेमेंट

एवढी चांदी गलबतात भरून न्यायची म्हणजे वादळ आणि चाचे या दोघांचीही भीती. म्हणून पेढ्या हुंडी लिहीत. मांडवीच्या शेठने मस्कतच्या आपल्या आडत्याला लिहायचे की हा कागद घेऊन येणाऱ्याला इतके पैसे द्या. कागद दाखवताच पैसे द्यायचे ती दर्शनी हुंडी. ठरलेल्या दिवसांनी द्यायचे ती मुदती हुंडी. या व्यवहारात जो फरक कापला जाई त्याला मराठीत ‘हुंडणावळ’ असा सुरेख शब्द आहे. आज ज्याला आपण एक्स्चेंजचा दर आणि चार्जेस म्हणतो, ते दोन्ही त्यात आले.

या कागदात किती शहाणपण भरले होते पाहा. रक्कम कोणी खोडून वाढवू नये म्हणून आधी पूर्ण आकडा लिहायचा, मग त्याचे निम्मे लिहायचे आणि ‘त्याचे दुप्पट’ असे म्हणून पुन्हा पूर्ण रक्कम सांगायची. एक आकडा बदलला तर दुसरा चुगली करणार. ‘शाहजोग’ हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या माणसालाच मिळत. ज्याला कोणी ओळखत नाही त्याने कागद आणला, तर त्याला हात हलवत परत जावे लागे. हुंडी हरवली तर ‘पेठ’ नावाची दुसरी प्रत निघे. तीही हरवली तर ‘परपेठ’. आणि समुद्रावरच्या व्यापारासाठी ‘जोखमी’ हुंडी होती. माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे द्यायचे. जहाज बुडाले तर पैसेही बुडाले, आणि ते कोणाचे बुडणार हे कागद लिहितानाच ठरलेले असे.

नंतर बँका आल्या तरी त्या उशिरा आल्या. मस्कतमधली पहिली बँक 1948 मध्ये उघडली. ती म्हणजे पुढे ब्रिटिश बँक ऑफ द मिडल ईस्ट या नावाने ओळखली गेलेली बँक. जवळजवळ वीस वर्षे ती इथली एकमेव बँक होती. त्याआधी आणि त्यानंतरही बराच काळ पेढ्यांच्या वह्या याच इथल्या बँका होत्या.

आणि वहीची एक शिस्त होती. गल्ल्यात नाणी कोणतीही येवोत, खाते एकाच चलनात मांडायचे. ज्याची देणी मुंबईला, तो रुपयात मांडे. ज्याचा व्यवहार आफ्रिकेशी, तो थालरमध्ये मांडे. नाणे हातात पडले की त्या दिवशीच्या भावाने त्याचे वहीतल्या चलनात रूपांतर करायचे, बट्टा वेगळा लिहायचा. तसे केले नाही तर वर्षअखेरीस फायदा मालातून झाला की नाण्यांच्या भावातून, हे सांगताच येत नसे.

चाळीस हजार थालर, की 86,400 रुपये?

एकच देणे दोन चलनांत मांडले की काय होते, याचे ओमानच्या इतिहासातले उत्तम उदाहरण झांझिबारचे आहे. सुलतान सय्यद सईद 1856 मध्ये वारले. त्यांचे राज्य दोन मुलांत विभागले गेले. एकाकडे मस्कत, दुसऱ्याकडे श्रीमंत झांझिबार. भांडण मिटवायला व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग यांनी 1861 मध्ये निवाडा दिला की झांझिबारने मस्कतला दरसाल 40,000 थालर द्यावेत. पुढे 1870 च्या दशकात ही रक्कम हिंदुस्थान सरकार भरू लागले, आणि सरकारी वहीत ती 86,400 रुपये अशी लिहिली गेली.

आता तुम्ही स्वतः भागाकार करा. 86,400 भागिले 40,000 म्हणजे एका थालरला 2.16 रुपये. आणि चांदीचा हिशेब काय सांगतो? थालरमध्ये 23.39 ग्रॅम, रुपयात 10.69 ग्रॅम. भागाकार 2.19. म्हणजे दर जवळजवळ चांदीच्या वजनाचाच होता. दोन्ही नाणी चांदीची, चांदी स्वस्त झाली तर दोन्ही एकदम उतरणार. त्यामुळे थालर घेतले काय आणि रुपये घेतले काय, फारसा फरक नव्हता.

1893 मध्ये मात्र खेळ बदलला. चांदीचा जगभर भाव पडत होता, म्हणून हिंदुस्थान सरकारने लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणे बंद केले. त्यानंतर रुपयाचा भाव चांदीपासून सुटला आणि काही वर्षांत तो एक शिलिंग चार पेन्सवर स्थिरावला. थालर मात्र चांदीच राहिला आणि चांदीबरोबर खाली गेला. ज्याचा खजूर थालरमध्ये विकला जाई आणि ज्याला मुंबईचा तांदूळ रुपयात घ्यावा लागे, त्याला त्याच खजुरात कमी तांदूळ मिळू लागला. त्याने काहीही चूक केली नव्हती. हिंदुस्थान सरकारचा एक निर्णय झाला होता, एवढेच. उलट ज्याचे येणे रुपयात ठरलेले होते, जसे सुलतानाचे ते 86,400, त्याचे नुकसान टळले.

कराराच्या वेळी किरकोळ वाटणारी गोष्ट, की रक्कम कोणत्या चलनात लिहायची, वीस वर्षांनी सगळ्यांत महत्त्वाची ठरली.

आखाती रुपया

पहिल्या पिढीतील काही ज्येष्ठ वाचकांना यापुढचा भाग घरच्यांकडून ऐकून माहीत असेल. स्वातंत्र्यानंतरही आखातात भारताचाच रुपया चालत होता. भारतात सोन्याच्या आयातीवर बंदी, त्यामुळे मुंबईत सोने महाग. आखातात ते स्वस्त. मग चोरट्या मार्गाने सोने मुंबईकडे आणि रुपयांच्या नोटा आखाताकडे. तिथल्या बँका त्या नोटा रिझर्व्ह बँकेला परत देऊन पौंड मागत. परिणाम असा की चोरट्या सोन्याची किंमत भारताच्या परकीय गंगाजळीतून चुकती होत होती.

त्यावर उपाय म्हणून 1 मे 1959 पासून रिझर्व्ह बँकेने फक्त आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. रंग वेगळे आणि क्रमांकाच्या आधी ‘झेड’ हे अक्षर. या नोटा भारतात चालत नसत आणि भारतातल्या नोटा इथे चालेनाशा झाल्या. किंमत मात्र दोन्हींची एकच. मस्कत, दुबई, बहरीन, कतार इथल्या रोजच्या व्यवहाराची नोट अशी भारतातून छापून येत होती.

मग 6 जून 1966 आला. भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलरला 4.76 रुपये होते ते 7.50 झाले. आखाती रुपया त्याच रुपयाचा भाऊ असल्यामुळे तोही त्याच क्षणी खाली आला. ज्याच्या पेटीत शंभराची आखाती नोट होती, तिची किंमत आदल्या दिवशी 21 डॉलर होती. दुसऱ्या दिवशी 13 डॉलर 33 सेंट. इथल्या खजूरविक्याचा किंवा मासळीवाल्याचा भारताच्या आर्थिक धोरणाशी काय संबंध? तरी त्याच्या साठवणीतला एक तृतीयांशापेक्षा मोठा हिस्सा रातोरात गेला.

कुवेतने 1961 मध्ये आणि बहरीनने 1965 मध्येच स्वतःचे दिनार काढले होते. कतार आणि दुबई अवमूल्यनानंतर बाहेर पडले. ओमानमध्ये आखाती रुपया सगळ्यांत जास्त टिकला. 1970 च्या मे महिन्यात पौंडाच्या बरोबरीचा ‘सईदी रियाल’ आला आणि रुपयाची इथली सद्दी संपली. त्याच वर्षी 23 जुलैला सुलतान काबूस गादीवर आले. काही वर्षांत सईदी रियालची जागा त्याच किमतीच्या ‘ओमानी रियाल’ने घेतली आणि 1 एप्रिल 1975 पासून ओमानच्या मध्यवर्ती बँकेचे काम सुरू झाले. मत्राचा बाजार पहिल्यांदाच आपल्या घरच्या चलनात पूर्ण हिशेब करू लागला.

रियाल पुढे डॉलरला बांधला गेला. 1973 पासून एका रियालला 2.895 डॉलर असा दर होता. तेलाचे भाव कोसळले त्या 1986 साली तो 2.6008 केला गेला. हजार डॉलर पाठवायला आधी सुमारे 345 रियाल लागत होते, ते एकदम 384 रियाल 500 बैसे लागू लागले. त्यानंतर हा दर आजपर्यंत बदललेला नाही. इथे आपल्याला मिळालेल्या स्थैर्यात या एका आकड्याचा वाटा फार मोठा आहे.

आता तुमच्या पडद्यावर

आता ऑनलाइन दुकानाकडे येऊ. ओमानमध्ये अनेक प्रकारच्या दुकानांना 1 जानेवारी 2022 पासून इलेक्ट्रॉनिक पेमेंटची सोय ठेवणे सक्तीचे झाले. ऑक्टोबर 2022 मध्ये ओमानची मध्यवर्ती बँक आणि भारताची एनपीसीआय इंटरनॅशनल यांच्यात रुपे कार्ड आणि यूपीआय यांसंबंधी करार झाला. साधने बदलली. प्रश्न जुनेच आहेत, म्हणून ते जुन्या शब्दांतच विचारून पाहू.

पहिला प्रश्न पोतदाराचा. नाणे खरे आहे का? कार्डाचा क्रमांक तपासणे, बँकेने मोबाइलवर पाठवलेला संकेत मागणे, हे पदकातले मोती मोजण्यासारखेच आहे. इथे एक सावधगिरी खास ओमानची. जगातली बहुतेक चलने दशांश चिन्हानंतर दोन आकडे वापरतात. आपला रियाल तीन वापरतो, कारण तो हजार बैशांचा आहे. परदेशात तयार झालेली एखादी प्रणाली नीट जुळवलेली नसेल आणि तिने दोनच आकडे धरले, तर साडेबारा रियालचे बिल सव्वा रियालचे किंवा सव्वाशे रियालचे होऊ शकते. दुकान सुरू करण्याआधी स्वतःच एक खरेदी करून पाहा आणि बँकेत नेमके किती बैसे जमा झाले ते तपासा.

दुसरा प्रश्न सराफाचा. बट्टा किती? आखातातली चलने इथे कामी येतात. दिरहम, सौदी रियाल, बहरीनी दिनार आणि कतारी रियाल हे सारे डॉलरला बांधलेले आहेत, आणि आपला रियालही. म्हणून रियाल आणि दिरहम यांचा आपसातला दर बदलत नाही. तो सुमारे 9.55 आहे. गिऱ्हाइकाने 95.5 दिरहम दिले आणि तुमच्या खात्यात दहा रियालऐवजी 9 रियाल 800 बैसे आले, तर दर हलला हे कारण असूच शकत नाही. ते दोनशे बैसे म्हणजे निव्वळ बट्टा, शेकडा दोन. भारतीय रुपया, पौंड आणि युरो मात्र रोज हलतात. तिथे आलेल्या फरकात दर किती आणि बट्टा किती हे वेगळे काढावे लागते. पेमेंट सेवा देणाऱ्या कंपन्या पुष्कळदा शुल्क वेगळे दाखवतात, पण दरातच घातलेला वाढावा दाखवत नाहीत. त्या दिवशीचा बाजारभाव आपण स्वतः पाहून शेजारी लिहावा. दुकानात किंवा हॉटेलात भारतीय कार्ड वापरताना मशीन विचारते, ‘रुपयात की रियालात?’ त्यामागेही हाच वाढावा असतो. सहसा तिथले स्थानिक चलन निवडणेच स्वस्त पडते.

तिसरा प्रश्न जोखमी हुंडीचा. बुडाले तर कोणाचे? गिऱ्हाइकाने महिन्याभराने माल परत केला आणि तोवर रुपया घसरला असेल, तर परतफेड कोणत्या दराने? माल पोचलाच नाही अशी तक्रार करून त्याने बँकेमार्फत पैसे ओढून घेतले, तर पोचपावती कोण दाखवणार? आपल्या पूर्वजांनी हे कागद लिहितानाच ठरवले होते. तुमच्या दुकानाच्या अटींमध्ये एक वाक्य पुरेसे आहे: किंमत ओमानी रियालात आहे, परतफेडही रियालातच होईल. दुसरे चलन फक्त गिऱ्हाइकाला अंदाज यावा म्हणून दाखवा. ज्यांची गिऱ्हाइके बहुतांश भारतात आहेत आणि खर्चही रुपयात आहे, त्यांनी रुपयात भाव ठेवायलाही हरकत नाही. मात्र तो निर्णय जाणूनबुजून केलेला असावा. झांझिबारचे 86,400 आठवा.

चौथा प्रश्न शाहजोगाचा. पैसे घेणारा कोण आहे? घरगुती व्यवसायाचाही परवाना आणि व्यवसायाच्या नावाचे खाते हवे. ओळखीच्या माणसाच्या खात्यात भारतात रुपये जमा करायला सांगायचे आणि इथे रियालमध्ये हिशेब मिटवायचा, ही सवय सोयीची वाटते. पण हुंडीमागे पेढीची पत आणि बाजाराची साक्ष होती. यात दोन्ही नाही, आणि दोन्ही देशांचे कायदे याला परवानगी देत नाहीत.

आणि शेवटी वही. महिनाअखेरीस सगळे रुपये, दिरहम, पौंड एका चलनात आणून मांडा, ज्या दिवशी पैसे आले त्या दिवशीच्या दराने. विक्री एका रकान्यात, बट्टा दुसऱ्या रकान्यात. बट्ट्याचा रकाना तीन महिने ठेवला की कोणती पेमेंट सेवा खरोखर स्वस्त आहे ते तुम्हाला जाहिरात न वाचताही कळेल. फराळाच्या शंभर डब्यांवर शेकडा तीनप्रमाणे गेलेला बट्टा म्हणजे तीन डबे फुकट दिल्यासारखे आहे. पहाटे उठून चकल्या तळणाऱ्या हातांना ते कळायला हवे.

या किनाऱ्यावर लारी आली, थालर आला, मुंबईचा रुपया आला, आखाती रुपया आला आणि गेला. ‘बैसा’ हा शब्द मात्र राहिला. 1893 आणि 1966 मध्ये ज्यांना फटका बसला, त्यांच्यापैकी बहुतेकांना आपण कोणती जोखीम हातात धरून बसलो आहोत हेच माहीत नव्हते. आपल्याला ते माहीत करून घेण्याची सोय आहे, आणि त्यासाठी सराफाच्या घरी जन्म घ्यावा लागत नाही.

यंदा लक्ष्मीपूजनाला लॅपटॉपला आणि मोबाइलला हळदकुंकू वाहाल, तेव्हा शेजारी एक साधी वहीही ठेवा. पहिल्या पानावर श्री लिहा, आणि खाली दोन रकाने आखा. एक विक्रीचा, एक बट्ट्याचा.

सर्व वाचकांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!